मातीतून वर आलेले बेडूक

गेल्या मे महिन्यात सास्तूरला आमच्या मोरीजवळच्या भेगेतून भरदुपारी बेडूक वर यायला लागले. बुटके, फुगीर अंगाचे, मातीच्याच रंगाचे. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आईने पहिला पाहिला, दुसरा पाहिला आणि हातातली परात तिथंच ठेवून मला दंडाला धरून अंगणात ओढलं. "जमीन हलणार हाय," एवढंच म्हणाली आणि कडुलिंबाखाली बसली.

भूकंपात पडलेल्या गावात हे वाक्य कुणी गमतीने बोलत नाही. माझा जन्म भूकंपानंतरचा, पुनर्वसनातल्या याच घरातला. तरी रस्त्याने भरलेला ट्रक गेला की माझे पाय आधी दाराकडे वळतात. घरात दुसरं काही वारशाने मिळालं नाही, ही भीती मात्र बिनबोभाट माझ्या नावावर झाली.

मी लोहाऱ्याला प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे घाबरले तरी कारण सांगायची खोड जात नाही. शेजारच्या रानात सकाळपासून पाण्यासाठी बोर मारायची गाडी लागली होती, जमीन धडधडत होती. मातीत झोपलेल्या काही बेडकांना पावसाची, गडगडाटाची थरथर जागं करते, असं मी वाचलं होतं. यांना बोर म्हणजेच पाऊस वाटला असणार. आईला तसं सांगितलं. तिचं म्हणणं, भूकंपाच्या आधीही जमीन गुरगुरायची आणि कुणीतरी शहाणं माणूस कारण सांगून जायचं. पोथीतली वांगी पोथीतच राहिली.

आईला हृदयाचा त्रास आहे. उन्हात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लिंबाची सावली होती, पण झळा अंग भाजत होत्या. तिचे ओठ कोरडे पडले, हात छातीवर गेला. गोळ्या आत फडताळावर होत्या. आता मला दोन्हीकडून भीती वाटायला लागली. आत जावं तर स्लॅबची, न जावं तर आईची. उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले.

तिचं मन वळवावं आणि आपलंही धीट व्हावं म्हणून मी पुन्हा बेडकांवर आले. सांगितलं, उन्हाळाभर ते मातीत हलत नाहीत. काळीज हळू चालतं, श्वास अगदी थोडा. खाणं नाही, साठवलेली चरबी आणि अंगातलं पाणी पुरवून पुरवून वापरायचं. आवाज तर काढायचाच नाही, कारण ओरडण्यात सगळ्यात जास्त ताकद जाते. ती पावसासाठी राखून ठेवायची. असं अवेळी वर आलं की साठा उगाच संपतो आणि जीव जातो.

आईने उघड्या दारातून आत मोरीकडे बघितलं. मग म्हणाली, "म्या तसंच केलं व्हतं."

ती ढिगाऱ्याखाली होती, हे मला ठाऊक होतं. माझी न पाहिलेली बहीण त्यात गेली, हेही. पुढचं ती कधी बोलली नव्हती.

"पोरगी भिंतीच्या पल्याड व्हती. हाका मारत व्हती. म्या ओ दिली न्हाय. तोंडात माती, दम पुरंना. म्हणलं, गप पडून ऱ्हावं, कुणीतरी यील, मग दोघीबी निघू."

एवढं बोलून तिला धाप लागली. चेहरा राखेसारखा झाला. मी उठले आणि आत गेले.

मोरीच्या ओल्या दगडावर बेडूक पोट टेकवून, कातडीनेच पाणी पीत बसले होते. आत फडताळावरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं आणि तेवढ्यात पायाखाली मोठा धक्का बसला. बोर खडकाला लागला असेल, असं डोकं म्हणत होतं. अंग ऐकत नव्हतं. मी श्वास रोखून जागच्या जागी उभी राहिले. जरा हलले तर छत खाली येईल असं वाटत होतं.

बाहेरून आईने हाक मारली. मग पुन्हा. मला दोन्ही ऐकू आल्या. ओ देता आली नाही.

मग दारात सावली पडली. भिंतीला धरत धरत, अनवाणी, आई आत आली होती. स्लॅबखाली येऊन तिने माझा दंड घट्ट पकडला आणि तिथंच फरशीवर बसली. मी तिच्या जिभेखाली गोळी ठेवली. पेले अजून वाजतच होते. ती वर बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. हाताची पकड सैल करायला तयार नव्हती.

दम परत आल्यावर म्हणाली, "हाक मारली की ओ देत जा गं."

"ओ," मी म्हणाले.