पासाऊचा संगम आणि राहिलेली ओटी

युरोपला जायची हौस आमच्या ह्यांची, आणि मागे राहिले तेही हेच. चाकणच्या कंपनीची मोठी ऑर्डर आली, वर्कशॉप सोडवेना. मग त्यांच्या जागी सासूबाई निघाल्या. त्यांना मी आत्या म्हणते. वय सत्तरीपुढचं, गुडघे कुरकुरणारे. डॅन्यूब नदीतून बोटीनं जायचंय म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, “पानी साफ हाय का तिचं?”

विचारण्याला कारण होतं. श्रावणात इंद्रायणीची ओटी भरायची हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. पण आता नदीवर पांढरा फेस तरंगतो, आणि त्या फेसात खण-नारळ सोडायला त्यांचं मन धजत नाही. काही वर्षं ओटी राहिलीच होती. “नदी कुटलीबी आसू दे, समद्या बहिणीच त्या. एकीची भरली की दुसरीला पोचती,” असं म्हणत त्यांनी खण, तांदूळ, हळदकुंकू बांधून घेतलं. नारळ मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांत बसला.

बोट सकाळी जर्मनीतल्या पासाऊला लागली. इथे तीन नद्यांचा संगम आहे, त्यामुळे आत्या पहाटेपासून नऊवारी नेसून तयार! उतरलं की जुनं शहर समोरच, बसबिस काही लागत नाही. मात्र रस्ते दगडगोट्यांचे आहेत, तेव्हा मिरवायच्या चपला बोटीतच ठेवा. सुटे युरो जवळ ठेवा, स्वच्छतागृहातही पैसे पडतात. कॉफी-केकच्या बिलाचे रुपये करत बसू नका. मी केले, आणि केक घशाखाली उतरेना. मोठ्या चर्चमध्ये दुपारी ऑर्गन वाजला तेव्हा बाकासकट आम्ही थरथरलो. आत्या कानाशी लागून म्हणाल्या, “आपल्या पेटीचा थोरला भाऊ दिसतूय.”

नगरपालिकेच्या जुन्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, माणसाच्या डोक्याच्याही कितीतरी वर. आत्या मान उंचावून बघत राहिल्या. “येवढी चढती व्हय? मंग जित्ती हाय बाई.”

शहराच्या टोकाला, झाडांखाली संगम आहे. एक पाणी काळसर, एक हिरवट, एक दुधाळ. बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात आणि मग एक होतात. आत्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पिशवीतून ओटी बाहेर काढली. तेवढ्यात आमचा टूर मॅनेजर प्रवीण पळत आला. “आत्या, पाण्यात काही टाकू नका हां. दंड होईल, राव!”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या बाकावर दोन जर्मन बायका होत्या. त्यातली एक उठून आत्यांना जागा करून देत होती. तिने मला इंग्रजीत विचारलं, हे काय आहे?

“काही नाही,” मी म्हणाले. आणि आत्यांना म्हणाले, “राहू द्या ना आत्या, लोक बघतायत.”

त्यांनी ओटी परत पिशवीत ठेवली. रुसल्या नाहीत. रुसल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बोट निघाल्यावर डेकवर उभी होते, तेव्हा सुचलं. पाण्यात सोडायचीच कशाला? काठावर ठेवून हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे आणि सगळं परत उचलून आणायचं. कचरा नाही, दंड नाही. त्या जर्मन बाईला सांगितलं असतं, तर तीही शेजारी उभी राहिली असती. प्रवीणचं काही चुकलं नाही, पाण्यात खण सोडू नये हे मलाही पटतं. मला फक्त लाज वाटली होती, आणि तीही कुणाची, तर ज्यांच्या घरात मी वीस वर्षं मानानं नांदतेय त्यांची. तशी काठावरची शहरं पुढेही आली, व्हिएन्ना आलं, बुडापेस्ट आलं. मी म्हटलं, “आत्या, इथे भरू या.” त्या म्हणाल्या, “नगं. येळ गेली.”

नदीसफर छान असते, पायांना त्रास नाही, ज्येष्ठांना जरूर न्या. पण ते पिशवीतून काही काढू लागले, तर आधी लोकांकडे बघू नका.

मुंबईहून गाडीनं परतताना मोशीचा पूल आला. खाली इंद्रायणी, फेसानं भरलेली. या पुलावर आत्या न चुकता हात जोडतात. त्या दिवशी हात मांडीवरच राहिले.

“दोघीबी राह्यल्या गं,” त्या म्हणाल्या.