मीठ हातात देऊ नये

नवरा गेल्यापासून रविवार फार लांबतो, म्हणून पनवेलचं जुनं बंदर पायी फिरवून दाखवणाऱ्या एका गटात नाव दिलं. बाकी सगळे जोडीने आले होते.

गाढी नदीच्या काठी, जिथे पूर्वी मिठाचे मचवे लागायचे, तिथे आमच्या गाईड मुलीने पिशवीतून खडेमीठ काढलं आणि एकेकाच्या तळहातावर ठेवू लागली. माझ्यापाशी आली तसा मी हात मागे घेतला. माझं माहेर मिठागरवाल्यांचं.

"कठड्यावर ठेव, मी उचलते. मीठ हातात दिलं की भांडण होतं."

"काकू, आपण कशाला भांडू?" ती हसली.

एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, आपलं कारण सापडलं!"

"मिठाला नाव ठेवू नका, तुमचं तोंड पुरेसं आहे," बायको म्हणाली.

सगळे हसले, मीही हसले. मीठ रुमालात बांधून घरी आणलं.

जेवायला बसताना ते वाटीत काढलं आणि सवयीने टेबलावर पलीकडे, त्याच्या ताटाच्या जागी ठेवलं. आयुष्यभर त्याच्या हातात मीठ दिलं नाही, तरी आम्ही भरपूर भांडलो.

आमटी अळणी झाली होती. उठून पलीकडे गेले आणि वाटी घेऊन आले.