मोरपंखी धाग्यापुढचा कोरा रकाना

प्लेगमुळे गावाबाहेर माळावर बांधलेल्या झोपडीसमोर बसून मी एका पत्रकाचे प्रूफ तपासत होतो. गिरणीचा दुपारचा भोंगा नुकताच वाजून गेला होता. यल्लप्पा येऊन समोर उभा राहिला. यल्लप्पा नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात आहे. प्लेगच्या दिवसांत मेलेले उंदीर चिमट्याने बादलीत भरायचे, हे त्याचे काम. त्याच्या हातात बादली नव्हती. ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही. "केरबा गेला की वो," तो म्हणाला. "कुठं, माढ्याला?" प्रुफावरची नजर न काढता मी विचारले. केरबाअण्णांची आई माढ्याला असते, दोन-तीन महिन्यांनी ते तिकडे जायचे. मी वर पाहिले, त्याचा चेहरा पाहिला... आणि तरीही माझ्या तोंडून जे निघाले ते असे : "मग परत कधी येणार?"

या गोष्टीला पाच आठवडे झाले. दिवसातून एकदा तरी तो माझा प्रश्न मला ऐकू येतो. तीन दिवसांच्या तापात, गावाबाहेरच्या प्लेगच्या दवाखान्यात, काखेत लिंबाएवढी गाठ घेऊन एक माणूस मेला आणि मला तो माढ्याला गेलेला वाटला. मोठ्या माणसांना साधी सर्दी झाली तरी आपली वर्तमानपत्रे छापतात. केरबाअण्णांची दोन ओळींचीही बातमी आली नाही. म्हणून हे लिहीत आहे.

ते 'उंदरांचे कारकून' होते. अख्खे सोलापूर त्यांना तसेच म्हणायचे. कुठल्या पेठेत, कुठल्या गल्लीत, कुठल्या घरी उंदीर पडला हे वहीत लिहायचे आणि भिंतीवरच्या शहराच्या नकाशावर तांबडा ठिपका द्यायचा, हे त्यांचे काम. आधी उंदीर पडतात, मग आठ-पंधरा दिवसांनी माणसे पडतात. ठिपके कुठून कुठे सरकतात ते आधी कळले तर माणसे वेळेवर माळावर नेता येतात. एवढ्यासाठी ही वही. आमची त्यांची ओळख झाली ती माझ्या एका पत्रकामुळे. आम्ही विणकर, घरात तेलुगू बोलतो; मी मराठी वाचायला शिकलो तेच बाजारात वाटलेल्या पत्रकांवरून, आणि मिसरूड फुटायच्या आत स्वतःची पत्रके छापू लागलो. प्लेग सुरू झाला तेव्हा मी 'घर आमचे, कुदळ सरकारची' असे एक जहाल पत्रक काढले होते. उंदीर सापडला की खात्याची माणसे घरात शिरतात, जमीन उकरतात, औषध ओततात. आमचा माग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचा. जमीन उकरली की माग उपटला, त्यावर चढवलेला उभ्या धाग्यांचा ताणा कापला, कित्येक महिन्यांचे विणणे गेले. मी लिहिले होते की असल्या जुलमाला दार उघडू नका. दुसऱ्याच दिवशी एक काळेला, उंच माणूस पत्रकाची घडी घेऊन छापखान्यात आला.

"लेखकराव तुमीच का? मी केरबा. पान तीनवर माझ्याबद्दल लिव्हलंय."

"मी कुणा माणसाबद्दल लिहिलेलं नाही. खात्याबद्दल लिहिलंय."

"'उंदीर मोजणारे बिनकामाचे कारकून' असं हाय की. तसा कारकून मी एकलाच हाय." आणि ते मोठ्याने हसले. "नावच केरबा ठेवलंय आईनं. आधीची पोरं जगली न्हाईत म्हणून मला केरात टाकून उचललं. आता मी केरातलं उंदीर उचलतो. बिनकामाचा कसा वो?"

मला राग आला होता, तो टिकवता आला नाही. जाताना त्यांनी मला नकाशा बघायला बोलावले. मी गेलो तो पुरावा गोळा करायला, खात्याचा खोटेपणा पकडायला. भिंतीवर आमची पेठ होती आणि तिच्यात ठिपके असे विखुरले होते की काही अर्थच लागत नव्हता. "बघा," ते म्हणाले, "रोग असा उड्या मारत न्हाय. तो चालत जातो. हितं कुणीतरी मला फसवतंय." वहीत नवी ओळ लिहून त्यांनी ती तशीच उघडी ठेवली. मी सवयीने वाकून शाईवर फुंकर मारायला गेलो तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फुंकू नका. अक्षर फिसकटतं. थांबा की, वाळंल." साधा टीपकागद त्यांच्या टेबलावर होता, तोही ते वापरत नसत. प्रत्येक ओळ आपली आपण वाळेपर्यंत ते तिच्याकडे बघत बसायचे.

त्यांना फसवत होतो आम्ही. घरात उंदीर पडला की विणकराची बाई तो पलीकडच्या गल्लीत टाकून यायची. पलीकडची आणखी पलीकडे. कुदळ ज्याच्या त्याच्या घरी जावो, आपला माग वाचो. माझ्या पत्रकानंतर तर हे जास्तच वाढले. केरबाअण्णांना हे कळले ते एका धाग्यामुळे. मेलेला उंदीर हाताने कोण उचलणार? आमच्या घरात हाताशी असतो तो तुटका धागा. शेपटीला फास टाकायचा आणि लोंबकळत न्यायचा. यल्लप्पाच्या बादलीत उंदरांच्या शेपट्यांना हे धागे तसेच असायचे. एका दुपारी केरबाअण्णांनी मला विचारले, "लेखकराव, तुमच्यात सगळ्यांच्या मागावर एकच रंग असतो का वो?" मी म्हणालो, छे, ज्याच्या मागावर जो रंग चढला त्याच रंगाचे तुकडे त्याच्या घरात. एका गल्लीत दोन घरी एक रंग सापडणे कठीण. बोलता बोलता मीच थांबलो. ते माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापासून धागा कापून, फिनेलमध्ये बुडवून, वाळवून ते वहीत चिकटवू लागले. धाग्याच्या दोन बाजूंना दोन रकाने : उंदीर सापडला कुठे, आणि उंदीर पडला कुणाच्या घरी. मग सकाळी फिरता फिरता दारादारांतून मागाकडे नजर टाकायची आणि दुसरा रकाना भरायचा. पंधरा दिवसांत नकाशा बोलू लागला. ठिपके धान्यबाजाराकडून आमच्या पेठेत एकेक गल्ली चालत येत होते.

वही कुदळवाल्यांच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. खात्याच्या साहेबासमोर उभे राहून त्यांनी मागितले ते एवढेच, की ज्या घरचे लोक आपण होऊन माळावर जातील त्यांची जमीन उकरू नये, नुसती बिळे बुजवावीत. साहेबाने बरेच आढेवेढे घेतले आणि मानले. मग मी नवे पत्रक काढले, मराठीत आणि तेलुगूत. 'उंदीर लपवणारा आपल्या शेजाऱ्याचा मारेकरी आहे,' असे मी त्यात ठळक टाइपात छापले. शब्द कमी करा, असे केरबाअण्णा म्हणाले होते. "मारेकरी म्हटलं की मानूस घाबरून आनखीच लपवतं." मी ऐकले नाही. मला तो शब्द फार आवडला होता.

शेवटची भेट आमच्याच अंगणात झाली. तिसरा प्रहर होता. अम्मा मागावर होती, वडील ओट्यावर. वडिलांची नजर गेली आहे; मागावरचा ताणा त्यांनी मांडलेला शेवटचा, अकरा लुगड्यांचा. त्यांतली सहा विणून झाली होती. अम्माने ताक आणले. केरबाअण्णांनी ते उभ्याउभ्याच घेतले आणि मागाकडे बघून म्हणाले, "रंग झ्याक हाय. काय म्हनायचं ह्याला?"

"मोरपंखी," मी म्हणालो. "का, घरी लुगडं न्यायचंय?"

"आमच्या आईला हे शोभायचं न्हाय." ते हसले नाहीत. "लेखकराव, आईबापाला घेऊन उद्याच्या उद्या माळावर जावा."

मी चकित झालो. आमच्या गल्लीत उंदीर पडला नव्हता. मी म्हणालो, "वही दाखवा. आमच्या गल्लीची ओळ कुठं आहे?" त्यांनी काखेतली वही आणखी घट्ट धरली. "वहीत न्हाय." "मग कशाच्या आधारावर जायचं?" "मी सांगतो म्हनून." मला ते सहन झाले नाही. सांगतो म्हणून कुणाचे ऐकायचे नाही, पुरावा मागायचा, हे त्यांनीच सगळ्या पेठेला शिकवले होते, आणि मी ते त्यांना अंगणात उभे करून, आवाज चढवून ऐकवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "बरोबर हाय तुमचं... पर जावा की," एवढेच म्हणाले आणि गेले. अम्मा मागावर बसून होती. तिचा धोटा मघाच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा अम्माने भांडी बांधायला घेतली होती. मी तिलाही पुरावा विचारला. तिने गाठोड्याची गाठ मारली. आम्ही माळावर आलो. पाचव्या दिवशी यल्लप्पा आला.

वही त्याने त्यानंतर आठवड्याने आणून दिली. "लेखकरावाला दे, म्हनला. तापात दोन-तीनदा म्हनला." शेवटच्या पानावरची शेवटची ओळ. सुबक अक्षरात तारीख. सापडला कुठे : पलीकडच्या गल्लीत, चिंचेखाली. पुढे दोन बोटांचा मोरपंखी धागा. आणि कुणाच्या घरी पडला, तो रकाना कोरा. यल्लप्पा म्हणाला, "ह्यो रकाना त्यानं कवा सोडला न्हाय. लिव्हायचं ऱ्हायलं असंल." मी वही घेऊन अम्मापुढे बसलो. तिने धाग्याला हात लावला नाही. तेलुगूत म्हणाली, "उंदीर मीच टाकला हे त्यानं ओळखलं होतं. ताक पिताना माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली... तुझं ते पत्रक मी वाचून घेतलं होतं शेजारणीकडून. मारेकरी लिहिलंयस तू."

कुणी म्हणतात, त्याचे दैव. मी दैव मानत नाही. कुठल्या उंदरावरची पिसू त्यांना चावली हे मलाही कधी कळणार नाही. पण चिंचेखालच्या उंदराच्या शेपटीचा धागा त्यांनी आपल्या हातांनी सोडवला, तो आमचा होता हे मला ठाऊक आहे. ज्या माणसाने वहीत एकही खोटी ओळ लिहिली नाही त्याने माझ्यासाठी एक रकाना कोरा ठेवला. माझ्या शब्दाने माझ्या आईला मारेकरी ठरवले जाऊ नये म्हणून. आणि मी त्यांना अंगणात उभे करून पुरावा मागितला.

परवा आम्ही पेठेत परतलो. माग जागच्या जागी आहे, ताणा शाबूत आहे, जमिनीला कुदळ लागलेली नाही. आमच्या गल्लीत ताप आला नाही. वही खात्यात परत करायची आहे. त्याआधी मी ती मागाजवळ नेली, धागा ताण्याला लावून पाहिला आणि मग त्या कोऱ्या रकान्यात वडिलांचे नाव आणि घराचा नंबर लिहिला. अम्मा बाजूला उभी होती, तिनेच "लिही" म्हटले. वडील ओट्यावरून विचारत होते की काय चाललेय. शाई ओली होती. मी वाकलो, तसाच थांबलो, आणि ती ओळ वाळेपर्यंत आम्ही दोघे तिच्याकडे बघत बसलो.