लालला लाल, पिवळ्याला पिवळा

दोरेअण्णांच्या खिशात पेन कधी सापडलं नाही. रंगीत सुताची गुंडी मात्र हमखास सापडायची. वडगावच्या विणकराचं घर, सुताला काय तोटा! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बेळगावच्या आमच्या सूत संघात कॉम्प्युटर आणि प्रिंटर आले आणि अण्णा त्यांचे ऑपरेटर झाले. चपला बाहेर, दाराला कुलूप, आत एकटे अण्णा. दुसरा कुणी असता तर पुजाऱ्याच्या तोऱ्यात वावरला असता. अण्णांना त्याचाच राग.

"मशीन संघाचं आणि हात निस्ता माझा? ह्ये काय बरं न्हाय रं," ते मला ऐकवायचे. मी शेजारच्या टेबलावरचा कारकून, पळून जाणार कुठे?

साहेबांच्या मागे लागून त्यांनी शेवटी परवानगी मिळवली. कुणीही प्रिंटर चालवावा. पण एकदा जरी बिघडला, की पुन्हा कुलूप. विजेच्या धास्तीने रोज संध्याकाळी सगळ्या वायरी काढून ठेवायची आमच्याकडे शिस्त होती. अण्णांनी प्रत्येक वायरीच्या टोकाला आणि ती बसते तिथे एकाच रंगाचा दोरा बांधला. "लालला लाल, पिवळ्याला पिवळा. आदी बटण बंद, मग जोडायचं. भ्यायचं न्हाय."

सगळ्यात भित्री आमची टायपिस्ट सुमनआक्का. "अण्णा, करंट बसंल की वो!" म्हणत ती दारातच उभी राहायची. अण्णांनी तिला शेजारी बसवून शिकवलं. पहिला कागद खडखडत बाहेर आला तेव्हा तिने तो ऑफिसभर मिरवला. त्यानंतर सकाळी मशीन जोडायचा मान तिचाच.

खंडेनवमी आली. अण्णांच्या घरी त्या दिवशी माग धुऊनपुसून पुजायचे. "औंदा ह्या मशीनलाबी मान देऊया," असं तेच म्हणाले. पूजा सुमनआक्काने मांडली. आपल्याला हात लावू देणाऱ्या त्या यंत्राचं तिला किती कौतुक! तिने वायरींची टोकं पाण्याने स्वच्छ धुतली आणि त्यांच्या भोकाभोकांत ओलं हळदकुंकू भरलं.

दसरा झाला, ऑफिस उघडलं. आक्काने बटण बंद असल्याचं पाहिलं, लालला लाल जोडला, पिवळ्याला पिवळा, आणि बटण दाबलं. फाडकन आवाज झाला, जळका वास सुटला, आणि प्रिंटर गेला तो गेलाच.

साहेब आक्कावर ओरडायला लागले तेव्हा अण्णा मध्ये आले. "तिनं समदं मी सांगितलं तसंच केलंय. पाण्याचं सांगायचं माझंच ऱ्हायलं." हे खरं होतं, पण ऐकतो कोण? साहेबांनी स्वतः कात्रीने दोरे कापले. खोलीला कुलूप लागलं आणि अण्णांची बदली निपाणीच्या गोदामात झाली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

पुढे एकदा त्यांना भेटायला निपाणीला गेलो होतो. चारी बाजूंना सुताचे गठ्ठे होते आणि अण्णांचा खिसा रिकामा होता. त्यांनी साहेबांचं विचारलं नाही, नव्या प्रिंटरचंही नाही.

"सुमनआक्का हात लावती का रं मशीनला?"

"न्हाय, अण्णा. त्या दारावरनं जातानाबी हात पदरात घेती."

"मग काय ऱ्हायलं," अण्णा म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगायला उठले.