बाबांच्या पापणीला न घातलेले टाके

मंडळी, बरं झाल्यावरही डॉक्टरवर विश्वास न बसणारं माणूस तुमच्या घरात आहे का? आमच्याकडे होतं. आज दुपारी बाबांची जाळी शिवायची पेटी आवरताना त्याचा पुरावाच हाती लागला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ओळीने चिकटवलेले दोऱ्याचे तुकडे. पहिला नखाएवढा, शेवटचा तिळाएवढा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही पूर्णगडचे, बाबा मासेमारी करायचे. त्यांच्या खालच्या पापणीवरची गाठ रत्नागिरीच्या डॉक्टरांनी काढली आणि टाके न घालता मलमपट्टी करून घरी पाठवलं. म्हणाले, जखम आपोआप भरून येईल.

जन्मभर फाटकी जाळी शिवलेल्या माणसाला हे पटणार कसं? "भोक कधी आपसूक मिटतं काय? डॉक्टर शिकाऊ असंल, नायतर दोरा संपला असंल!"

मग रोज पट्टी बदलताना आईने जखमेसमोर दोरा धरायचा, तेवढाच कापायचा आणि कॅलेंडरवर चिकटवायचा. डॉक्टरांना दाखवायला!

दोरे आखूड होत गेले, तसा बाबांचा संशय आईवर गेला. "तू मुद्दाम आखूड कापतंस."

महिन्याभराने कापण्यासारखं काही उरलंच नाही.

तरी पुढे कित्येक वर्षं होडीवरून आले की पापणी ओढून विचारायचे, "बघ गो, उसवली नाय ना?"

आई चुलीपुढूनच म्हणायची, "शिवलीच नाय, ती उसवंल कशी?"

"म्हणून तर विचारतोय!"