रौशनचे धीट उंदीर

रौशन बेईसेनोवाचा स्वभावच संशयी. बाजारात ती मांसाकडे कमी आणि तराजूच्या काट्याकडे जास्त बघायची. नवरा म्हणायचा, "संशोधक झालीस ते बरं. पोलिसात असतीस तर आधी मलाच आत टाकलं असतंस."

अल्माटीतल्या एका संस्थेत ती आणि तिचा तरुण सहकारी जानिबेक उंदरांच्या भित्रेपणावर काम करत. मेंदूतलं एक जनुक बंद केलेले उंदीर त्यांनी वाढवले होते. चाचणीसाठी अधिकच्या चिन्हासारखी, जमिनीपासून उंच अशी एक चौवाट होती. तिच्या दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. साधा उंदीर भिंतीच्या आडोशाला चिकटून राही. हे उंदीर मात्र उघड्या वाटेच्या टोकाशी जाऊन खुशाल खाली डोकावत.

त्या हिवाळ्यात काहीतरी बिनसलं. रौशनने सोडले की हे धीट उंदीर अंग चोरून कोपऱ्यात बसत. जानिबेकने सोडले की पुन्हा बिनधास्त हिंडत.

रौशनच्या मनात पाल चुकचुकली. अस्तानाच्या परिषदेत हे काम कोणी मांडायचं, ते अजून ठरायचं होतं. माझ्या वेळी हा जानिबेक साधे उंदीर ठेवत असेल तर? तिने गुपचूप उंदरांच्या शेपट्यांवर शाईच्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी खुणा जागच्या जागी होत्या. म्हणजे याला सुगावा लागला, असं तिने ठरवून टाकलं. मग तिने जनुकं तपासून घेतली. उंदीर तेच निघाले. तरीही ती संचालिका कुल्याशबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"पुरावा काय?" कुल्याशबाईंनी विचारलं.

"माझ्या हातात भितात, त्याच्या हातात भीत नाहीत. आणखी काय हवं?"

बाईंनी जानिबेकला बोलावून घेतलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. रौशनला तो थोरल्या बहिणीच्या मानाने आपाय म्हणायचा; तिच्याकडे वळून तो म्हणाला, "आपाय, माझ्या मुलीचं नाव तुम्ही ठेवलंत. आणि मी तुमचे उंदीर बदलतो?"

"मग तूच सांग, हे होतं कसं!"

बाईंनी दोघांना आपल्यासमोर चाचणी करायला लावली. जानिबेकचा उंदीर उघड्यावर फिरला. रौशनने पिंजऱ्यात हात घालताच तिचा उंदीर भुशात घुसला. तिच्या अॅप्रनच्या बाहीतून आतला लोकरी स्वेटर डोकावत होता. बाईंनी त्यावरचा एक पिवळट केस चिमटीत धरला.

"हा कोणाचा गं?"

"सासूबाईंच्या मांजराचा. थंडी पडल्यापासून त्या आमच्याकडेच आहेत. मांजर माझ्या कपाटात, कपड्यांवरच..." रौशनने बाही नाकाशी नेऊन हुंगली.

दोन दिवसांनी ती घरून धुतलेल्या कपड्यांत आली, हात घासून धुतले आणि उंदीर सोडला. तो जरा घुटमळला, मग उघड्या वाटेवर गेला. जनुक बंद होतं हे खरं, पण मांजराच्या वासापुढे त्याचं काही चालत नव्हतं. पुढे दोघांनी त्यावरच वेगळा अभ्यास केला, आणि तो गाजलाही.

रौशनने घरी तळलेले बाउरसाक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, नेऊन जानिबेकची माफी मागितली. त्याने एक खाल्ला, "छान झालेत" म्हणाला. पण त्या दिवसापासून ती चाचणी घ्यायला आली की तो कोणाला तरी साक्षीला बोलावून घेई, आणि निकालावर तिघांच्या सह्या झाल्याशिवाय खोलीतून हलत नसे. रौशन मान खाली घालून सही करायची.