बाई हार्ट अटॅकनं गेली नाही

माझ्या बहिणीला आम्ही टाळ्या वाजवत मारलं.

आज वर्ष झालं. आता तरी खरं लिहितो.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. अर्जुनी मोरगावला अंगणवाडी सेविका. दुसऱ्यांच्या पोरांचं वजन वाढावं म्हणून दारोदार फिरायची आणि स्वतःचं कमी होत नाही म्हणून रडायची.

शुगर होती. नऊ वर्षांपासून रोज इन्सुलिनची सुई.

आणि माझा एक मित्र. नाव लिहीत नाही, अर्जुनीत सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी आमच्याच घरी जेवायचा, बाईच्या हातचं. नागपूरला कुठलंतरी चार दिवसांचं शिबिर करून आला आणि 'कोच' झाला.

त्यानं व्हॉट्सॲप ग्रुप काढला. 'भात सोडा, तब्येत जोडा'.

आता आमच्याकडे भात सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. इटियाडोह धरणाचं पाणी, दारापर्यंत धान, दोन्ही वेळ भात. पाहुण्यानं चार पोळ्या खाल्ल्या तरी आम्ही म्हणतो, जेवलाच कुठे!

बाईनं सोडला. घरच्यांसाठी भात रांधायची आणि स्वतः अंडी, पनीर खायची.

ग्रुपचा एक नियम होता. रोज सकाळी लघवीत पट्टी बुडवायची आणि तिचा फोटो टाकायचा. पट्टी जितकी जांभळी, तितकी चरबी जळतेय म्हणे. सगळ्यात गडद पट्टी ज्याची, तो 'आजचा हीरो'.

पट्ट्या मीच ऑनलाइन मागवून दिल्या होत्या. एक डबी तिला, एक मला.

माझी पट्टी फिकी गुलाबी.

बाईची सुरुवातीला तशीच. मग एक दिवस तिचा फोन आला.

"काऊन रे, सुई बंद करू का? तुझा दोस्त म्हणून राहिला, गोड खातच नाई त सुई कायले?"

मी गोंदियाला, माझ्या दुकानात होतो. समोर गिऱ्हाईक.

"तो सांगून राहिला त करून पाय ना," मी म्हणालो.

एवढंच बोललो मी.

त्यानंतर पट्टी गडद होत गेली. चार दिवसांत पार जांभळी. रोज हीरो बाईच. ग्रुपभर टाळ्या, फुलं, अंगठे. मीही टाळ्या टाकल्या. वर चिडवलं, "बाई, जांभळं खाऊन मुतून राहिली का?"

तिनं हसून पाठवलं.

मग तिला उलट्या लागल्या. तहान भागेना. तिनं ग्रुपवरच विचारलं, "सर, लय दम लागून राहिला. बंद करू का?"

ती त्याला 'सर' म्हणायची! ज्याला हातानं भरवलं त्याला.

त्याचं उत्तर मला पाठ आहे. "टेन्शन नको घेऊ बाई. कीटो फ्लू आहे, भात सोडला की सबको होता है. निंबू-नमक पाणी पी."

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तिला गाडीत घालून गोंदियाला दवाखान्यात आणलं. श्वास असा चालला होता, जसं कुणी मागे लागलंय. तोंडाला कुजलेल्या फळासारखा वास.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

मी त्यांना पट्टीचे फोटो दाखवले. अजूनही मला वाटत होतं की हे चांगलं काहीतरी आहे.

त्यांनी मोबाईल परत दिला. म्हणाले, "तुमच्या अंगात इन्सुलिन तयार होतं, म्हणून तुमची पट्टी फिकी राहिली. यांच्या अंगात ते बनतच नव्हतं. रक्तात आम्ल साचत गेलं. ही पट्टी सांगत होती, यांना लवकर घेऊन या."

दोन दिवसांनी बाई गेली.

तिसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. त्यानं जुने मेसेज पुसले. आणि स्वतःच्या प्रोफाइलवर लिहिलं, 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आमची बाई...'

आमची!

दहाव्याला आला होता. माझ्या शेजारी बसला, खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला नाही. लोक विचारायचे, कशानं गेली? आम्हीही म्हणायचो, हार्ट अटॅक. तसं म्हटलं की मला माझं बोलणं कुणाला सांगावं लागत नव्हतं.

त्यानं दगा दिला, हे खरं. पण त्याचं खोटं वर्षभर मी सांभाळलं.

काल सालेकसाच्या मामीनं एक फोटो पाठवला. त्याची नवी जाहिरात. त्यात बाई. कुणाच्यातरी लग्नातली जाडी बाई आणि शेवटच्या आठवड्यातली गाल बसलेली बाई, शेजारी शेजारी. खाली लिहिलंय, 'एकोणीस दिवसांत सहा किलो'.

मामीलाही सुई आहे.

तिनं विचारलं, "हे आपलीच बाई ना रे? मी बी भात सोडू का?"

मी लगेच फोन केला. सगळं सांगितलं. माझं बोलणंही.

मामीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आन् तू मले हे आज सांगून राहिला?"

मी त्याला फोन करून जाहिरातीतून बाईचा फोटो काढून टाकायला सांगितलं. म्हणाला, "भाई, उससे लोगों को मोटिवेशन मिलता है."

भात सोडून माझं सात किलो वजन कमी झालं, मला काही झालं नाही. ते मी नाकारत नाही. पण तुमच्या घरात कुणाला सुई असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ती बंद करू नका. कुणी कितीही जवळचा सांगो.

बाई, तू मला विचारलं होतंस. त्या 'सरां'नी सांगितलं होतं, तरी आधी मला.

तुला माझा शेवटचा नमस्कार.